पुन्नय्यांच्या पोटाचं अस्तर

"माझं पोट म्हणजे तांब्याचा हंडा आहे, डॉक्टरम्मा! छप्पन वर्षं त्यात तिन्ही त्रिकाळ गुंटूरची मिरची ओततोय. आत एक ओरखडा दाखवा, जन्मभर ताकभातावर राहीन!"

तुम्मला बसवपुन्नय्या हे उभं राहून म्हणाले. बसूनही म्हणता आलं असतं, पण समोर मिरचीचे दोनशे व्यापारी बसलेले, आणि बसून बोललेलं मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, हा त्यांचा जुना अनुभव.

झालं होतं असं, की व्यापारी संघाच्या वर्धापनदिनाला दरसाल कोणीतरी शिकलेला माणूस भाषणाला बोलावतात. भाषण अर्धा तास, मग जेवण. गेल्या वर्षी नक्षत्रं झाली, त्याच्या आदल्या वर्षी आयकर. यंदा कोत्तपेटेतल्या पोटाच्या डॉक्टर हैमावती आल्या आणि त्यांनी विषय घेतला – शरीराच्या आतलं अस्तर, त्याचं आरोग्य आणि त्याचे आजार. पडद्यावर चित्रं लावली. ओठाच्या आतली बाजू, नाकाची आतली बाजू, घसा, अन्ननलिका, जठर.

"बाहेर जशी कातडी, तसं आत हे ओलं अस्तर," त्या म्हणाल्या. "ओठाच्या आतल्या कडेपासून शेवटच्या दारापर्यंत एकसलग. दिसायला नाजूक, पण कामाला वाघ! पोटातलं तर चार-पाच दिवसांत जुनं टाकून नवं धरतं. त्यावर एक बुळबुळीत थर असतो. तो नसता, तर पोटानं स्वतःलाच पचवून टाकलं असतं."

दोनशे व्यापाऱ्यांनी नकळत आपापल्या पोटावर हात ठेवले. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण मग डॉक्टरम्मा म्हणाल्या, "मिरचीनं अल्सर होतोच असं नाही. त्याला बहुतेक वेळा एक जंतू कारण असतो, नाहीतर दुखण्याच्या गोळ्या. पण अस्तर आधीच सुजलेलं असेल तर तिखट त्याला आणखी छळतं. तेव्हा, जरा कमी खा!"

गुंटूरच्या मिरची व्यापाऱ्यांच्या सभेत हे म्हणणं म्हणजे न्हाव्यांच्या मेळाव्यात जटांचे फायदे सांगणं! सभागृह असं शांत झालं, की आचाऱ्याच्या हातातली पळी ऐकू आली. आणि मग पुन्नय्या उभे राहिले.

दुसरं कोणी उभं राहणंही बरोबर दिसलं नसतं. मिरची यार्डाच्या फाटकाशी कडुनिंबाखाली एक लाकडी बाक आहे. ढीग किती तिखट यावरून शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्यात जुंपली की दोघं त्या बाकापाशी येतात, आणि बाकावर बसलेला माणूस म्हणेल ते शेवटचं. सतरा वर्षं त्या बाकावर पुन्नय्या बसत आले होते. आधी ते प्रत्येक ढिगातली एक मिरची चावून, थुंकून मग बोलत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी चावणं सोडलं. तेव्हापासून मिरची कानाशी धरून हलवायची, आतल्या बियांचा खुळखुळाट ऐकायचा, मोडून नाकाखालून एकदा फिरवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पहिला नंबर." किंवा, "दुसरा."

"चावत का नाही?" असं कोणी विचारलंच तर, "वाजवून कळतं. चावायचं कशाला?"

लोकांना ती सिद्धी वाटली. मोठा गवई जसा शेवटी शेवटी नुसता 'सा' लावून बसतो, तसं.

बाकाचा दुसरा उमेदवार म्हणजे गड्डिपाटी शेषगिरीराव. वय अठ्ठेचाळीस, आवाज पहाडी. पुन्नय्यांना तो आदरानं 'बाबाय', म्हणजे काका म्हणे, आणि ते गावाला गेले की बाकावर बसून बघे. त्या सभेत तोही उठला.

"बाबाय, डॉक्टरम्मांकडे कॅमेरा आहे म्हणतात! नळीला लावून पोटात सोडतात. एवढी खात्री आहे तर होऊन जाऊ द्या! ओरखडा निघाला तर बाक सोडा. नाही निघाला तर डॉक्टरम्मा पुढच्या वर्षी इथंच उभ्या राहून मिरचीची माफी मागतील!"

"मी कोणाची माफी..." डॉक्टरम्मा म्हणू लागल्या. पण टाळ्यांत ते बुडालं. शेवटी त्यांनी विचार केला, एकसष्टीचा माणूस, कधी तपासलेला नाही. ह्या निमित्तानं का होईना, येतोय तर येऊ दे. गुरुवार ठरला.

आणि पुन्नय्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण त्यांच्यापाशी एक गुपित होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांना जेवण झालं की छातीत भट्टी पेटायची. ते दुसऱ्या गल्लीतल्या दुकानातून गुलाबी औषधाची बाटली आणत आणि तांदळाच्या पिंपामागे लपवत. चावणं सोडलं ते तेव्हाच. बाकावर बसणाऱ्याला मिरची सोसत नाही हे कळलं असतं तर बाक दुपारपर्यंतही टिकला नसता. पुढे दोनेक वर्षांत भट्टी आपोआप विझली. पुन्नय्यांनी अर्थ काढला, की पोट शरण आलं. पण शरण येण्याआधी त्यानं आत काय काय फोडून ठेवलंय, हे कोणी सांगावं?

घरी त्यांची बायको रत्तम्मा चिंच साफ करत होती.

"कॅमेरा? कुठून घालणार?"

"तोंडातून."

"मग हरकत नाही. आणि बघणार काय?"

"अस्तर."

रत्तम्मांचा चिंचोक्यावरचा हात क्षणभर थांबला. "बघू दे की," त्या म्हणाल्या. "काही निघायचं नाही."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

पुन्नय्यांना भरून आलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांच्या एकाही गोष्टीवर एवढा विश्वास टाकला नव्हता, आणि टाकला तो पोटावर!

गुरुवारी पुन्नय्या उपाशीपोटी दवाखान्यात गेले. दोन साक्षीदार यायचे ठरलं होतं, जीप भरून सतरा आले. आतला पडदा बाहेर बसलेल्यांना दिसावा म्हणून डॉक्टरम्मांनी पुन्नय्यांची लेखी परवानगी घेऊन बाहेरच्या टीव्हीला तार जोडून दिली होती. ती त्यांची चूकच झाली, पण गुंटूरमध्ये त्यांना दोनच वर्षं झाली होती.

आत पुन्नय्या खाटेवर कुशीवर पडले. डॉक्टरम्मांनी घसा बधिर करायचा फवारा मारला.

"अजून एकदा," पुन्नय्या म्हणाले.

"पुरेसा झालाय."

"जीभही घ्या. गालही घ्या. मी पैलवान आहे, पण नळी बघून आत्ताच ओकारी येतेय."

डॉक्टरम्मांनी आणखी दोनदा मारला. जिभेची गोणपाट झाली. ओठ आपल्या जागी आहेत की घरी राहिलेत, हे पुन्नय्यांना हात लावून बघावं लागलं.

"आता तासभर काही खायचं नाही, प्यायचं नाही. घशाला काही कळणार नाही, भलतीकडे जाईल. समजलं?"

"अं," पुन्नय्या म्हणाले.

बाहेर टीव्ही लागला आणि सतरा जणांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"हा बोगदा कसला रे?"

"अन्ननलिका असणार."

"रस्ता बरा आहे. यार्डाच्या रस्त्यापेक्षा बरा."

"ओला दिसतोय."

"ओलाच असतो. भाषणात झोपला होतास काय?"

मग कॅमेरा पोटात उतरला. घड्याघड्यांचं, गुलाबी, तुकतुकीत अस्तर पडद्यावर आलं. जणू नवरीच्या शालूचं! कॅमेरा उजवीकडे फिरला, डावीकडे फिरला, वर मान वळवून त्यानं मागचं छतसुद्धा बघितलं. कुठं लाल ठिपका नाही, ओरखडा नाही, सूज नाही. शेषगिरी खुर्चीवरून उठून टीव्हीला नाक लावून शोधत होता. दिसेल तर शपथ!

डॉक्टरम्मा बाहेर आल्या त्या हातमोजे काढतच. "कमाल आहे! असं अस्तर मी विशीतल्या पोरांचं बघितलं नाही. मी हरले म्हणा हवं तर."

दवाखान्याची काचेची तावदानं थरारली. पुन्नय्यांना पाठीवर इतक्या थापा बसल्या, की कॅमेरा आत असता तर आपोआप बाहेर आला असता. शेषगिरीचं तोंड पावसात भिजलेल्या मिरचीसारखं काळं पडलं. खरं म्हणजे गोष्ट इथंच संपायची. पण पुन्नय्यांना एक मेहुणा होता.

भूषणम हा रत्तम्मांचा धाकटा भाऊ. कोणी न सांगितलेलं काम सांगायच्या आधी करून ठेवणं, हा त्याचा गुण. जिंकलेल्याच्या घरच्या आवकायीबरोबर, म्हणजे कैरीच्या लोणच्याबरोबर, गरम भाताचा घास सगळ्यांनी खायचा, अशी यार्डाची रीत आहे. पडद्यावर गुलाबी रंग दिसताक्षणी भूषणम स्कूटरवरून बहिणीच्या घरी गेला, बहीण देवळात गेली होती म्हणून स्वतःच फळीवरची लोणच्याची बरणी उचलली, येताना खानावळीतून पातेलंभर भात आणि तुपाची वाटी घेतली, आणि बाहेरच्या खोलीत पत्रावळी मांडून मोकळा झाला.

"बावा," तो भावोजींना म्हणाला, "पहिला घास तुमचा!"

"तास व्हायचाय!" डॉक्टरम्मा ओरडल्या. "त्यांना एक शीतही देऊ नका!"

तेव्हा पुन्नय्या भिंतीशी बसले आणि बाकीच्यांनी खाल्लं. त्या पोटाला घडवणारी ती आवकाय! लालभडक, तेलात पोहणारी. भातावर पडताच भात लाजला.

"आग आहे, आग!" पहिला म्हणाला.

"जाळ!" दुसरा म्हणाला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं कपाळ पुसलं.

"काही म्हणा, बाबायच्या घरचं तिखट म्हणजे तिखट," शेषगिरीही म्हणाला. हरलेला असला तरी जेवताना तो प्रामाणिक असे. "अगदी आमच्या घरच्यासारखं! कान तापले."

"कअक आए ना?" भिंतीकडून पुन्नय्यांनी अभिमानानं विचारलं. त्यांना म्हणायचं होतं, कडक आहे ना.

"कडक! कडक!"

तेवढ्यात डॉक्टरम्मा कागद घेऊन आल्या. भूषणमनं त्यांच्या हातात पत्रावळ दिली. "खाल्ल्याशिवाय जायचं नाही. अपमान होतो."

डॉक्टरम्मांची पंचाईत झाली. त्यांना मिरचीचं वावडं होतं. मिरचीच्या भज्याचं टोक खाऊनही त्या लग्नघरातून रडत बाहेर आलेल्या. पण सतरा माणसं बघत होती. त्यांनी बोटाच्या टोकानं जरासा मसाला जिभेला लावला, डोळे मिटले आणि वाट बघितली.

काही झालं नाही.

त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. तिसरा घास खाऊन त्यांनी पत्रावळ खाली ठेवली आणि त्या समोरच्यांकडे बघायला लागल्या. एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश, कॅमेऱ्यानं बघावं तसं.

"शेषगिरीगारू, तुमचं नाक का वाहत नाहीये?"

"आँ?"

"तिखट खाल्लं की नाकातलं अस्तर पाणी सोडतं. डोळ्यातलं सोडतं. तोंडाला लाळ सुटते. ते काय तुमची परवानगी घेऊन सुटत नाही. इथं सतरा नाकं आहेत. एकही ओलं नाही!"

सतरा हात नाकाकडे गेले. सगळी ठणठणीत कोरडी.

"पंखा आहे ना वर," कोणीतरी म्हणालं. "वाळतंय."

"पंखा बंद करा."

पंखा बंद केला. घाम फुटला. नाकं होती तशीच.

"आणि मी तीन घास खाल्ले," डॉक्टरम्मा म्हणाल्या. "मी! ह्या लोणच्यात तिखट नाही."

गुंटूरमध्ये एखाद्याच्या घरात कुलदैवत नाही म्हटलेलं चालतं. लोणच्यात तिखट नाही हे चालत नाही. सगळे एकदम बोलायला लागले. शेषगिरी मात्र उठला. त्यानं बरणी उचलली, खिडकीशी नेली, तेलाचा रंग बघितला, मसाला तळहातावर चोळून हुंगला, जिभेच्या शेंड्यावर टेकवला आणि अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या दातांच्या डॉक्टरचा पेशंट खुर्चीवरून उतरला.

"बेडगी! ही बेडगी आहे! नुसता रंग आहे, जाळ नाही! बाबायच्या घरात कानडी मिरची!"

दोन मिनिटांपूर्वी ह्याच माणसाचे ह्याच लोणच्यानं कान तापले होते. त्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आपण ठेवू.

"ओटं! साप ओटं!" पुन्नय्या उठले. खोटं, साफ खोटं! त्यांनी बरणीत बोट घातलं. ते तोंडात घालून ह्या कार्ट्याला जागच्या जागी गाडायचं! पण डॉक्टरम्मांनी मनगट धरलं. घातलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणा. जीभ गोणपाट. आपल्याच घरचं लोणचं तिखट आहे की नाही, हे ठरवायला पुन्नय्यांना अजून चाळीस मिनिटं थांबावं लागणार होतं.

आणि दारात रत्तम्मा उभ्या राहिल्या. देवळातून घरी येऊन त्यांनी फळी रिकामी बघितली होती. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

"भूषणम! बरणी कोणाला विचारून आणलीस?"

"अक्का, जिंकले ना बावा! रीत आहे..."

"पिन्नी," शेषगिरी मध्येच काकूंना म्हणाला, "देवळातून आलात, खोटं बोलू नका. ही मिरची कुठली?"

रत्तम्मांनी बरणीकडे बघितलं, सतरा पत्रावळींकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग पदर खोचून खुर्चीवर बसल्या.

"बेडगी आहे," त्या म्हणाल्या.

पुन्नय्यांचा जबडा आधीच खाली लोंबत होता, त्यामुळे त्यांना धक्का बसलेला वेगळा दिसला नाही.

"तांदळाच्या पिंपामागे तीन गुलाबी बाटल्या सापडल्या मला, अकरा वर्षं झाली. आता ह्यांना म्हटलं असतं डॉक्टरकडे चला, आले असते? म्हटलं असतं तिखट कमी खा, खाल्लं असतं? उलट दुप्पट खाल्लं असतं! म्हणून ह्यांना काही बोलले नाही. तिखट कुटतानाच दहा मुठींत एक मूठ बेडगी टाकली. पुढच्या वर्षी दोन. मग तीन. गेली दोन वर्षं दहाच्या दहा."

"आणि बाबायना कळलं नाही?"

"दर वर्षी पहिल्या घासाला म्हणतात, यंदा जाळ चांगला आहे."

शेषगिरी हसायला लागला. लॉरी मागे घेताना येतो तसा आवाज, थांबतच नाही! "अरे, बाकावर कोण बसवलंय आपण! वाजवून कळतं म्हणे! स्वतःच्या ताटातलं कळेना! सोडा बाबाय, बाक सोडा!"

पुन्नय्यांचे डोळे खाली गेले. बाक म्हणजे काही सोन्याचं सिंहासन नव्हतं. एक पाय तर विटेवर होता. पण सतरा वर्षं रोज सकाळी तिथं बसल्यावर माणसं ज्या नजरेनं बघत, ती नजर दुसरीकडे कुठं मिळत नाही. घरी तर नाहीच.

"शेषगिरी, जपून हस," रत्तम्मा म्हणाल्या. "रायचूरहून बहीण माझ्यासाठी तांदूळ म्हणून पोतं पाठवते. पोतंभर बेडगी मी एकटी काय करू? बारा घरांत वाटते. तुझी सीतामहालक्ष्मी दोन शेर नेते."

लॉरी थांबली.

"आमच्या घरी?"

"सात वर्षं झाली. तुलाही छातीत जळायचं ना?" रत्तम्मांनी मान वळवली. "तुमच्या घरी दीड शेर. तुमच्या एक. तुमच्या तीन, सासूबाई पण आहेत ना."

ज्याच्या त्याच्या डोळ्यांपुढे घरची बरणी आली. अगदी आमच्या घरच्यासारखं, असं मघाशी शेषगिरी म्हणाला होता, तेव्हा कोणीच नाही म्हटलं नव्हतं. पाच-सहा जणांकडे रत्तम्मांनी बोट दाखवलं नाही, त्यांनी हुश्श केलं.

"तुमच्याकडे माझी जात नाही," रत्तम्मा त्यांना म्हणाल्या. "तुमच्या बायका दुसरीकडून मागवतात."

पण शेषगिरीनं अकरा वर्षं वाट बघितली होती. एवढ्यावर तो बाक सोडणार नव्हता. "घरची जीभ वेगळी, यार्डाची जीभ वेगळी!" तो गरजला. "मी यार्डात अजून चावतो. बाबायनी अकरा वर्षांत चावली आहे का? आत्ता चावायची! दोघांनी! शंभर मोजेपर्यंत तोंडात ठेवायची. ज्याचं नाक आधी वाहील त्यानं बाक विसरायचा. डॉक्टरम्मा पंच!"

गुंटूरच्या व्यापाऱ्याच्या खिशात पाकीट एक वेळ नसेल, नमुन्याच्या मिरच्या असतातच. येसोबु नावाच्या शेतकऱ्याच्या ढिगातल्या, करंगळीएवढ्या, भडक तीन-चार तेजा मिरच्या बाहेर निघाल्या. नुसत्या बघूनच बघणाऱ्यांतल्या दोघांना ठसका लागला.

"गिळायची नाही हां!" डॉक्टरम्मा पुन्नय्यांच्या पुढ्यात थाळी धरून ओरडल्या. "चावा आणि ह्यात थुंका! ह्यांचं तोंड अजून बधिर..."

त्या कोलाहलात ते एकट्या रत्तम्मांनी ऐकलं. त्यांनी डॉक्टरम्मांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत.

पुन्नय्यांनी मनातल्या मनात कोटप्पकोंडाच्या देवाला नमस्कार केला, मिरची तोंडात टाकली आणि मरणाची वाट बघत चावायला सुरुवात केली.

मरण आलं नाही. एक आलं, दोन आलं, दहा आलं. तोंडात काय आहे तेच कळेना. शेवटी पुन्नय्यांना उमगलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांतता आली, जशी दुपारच्या सावलीत रवंथ करणाऱ्या म्हशीच्या असते.

शेषगिरीचे कान बाराला लाल झाले. अठराला डोळे भरले. बावीसला नाकाचा नळ सुटला, तो सव्विसापर्यंत मिशीत मावला, आणि सत्ताविसाला शेषगिरी खिडकीतल्या फुलदाणीतली फुलं काढून आतलं पाणी प्यायला.

खरं तर इथं थांबायला हवं होतं. पण जिंकत असताना थांबणं पुन्नय्यांच्या घराण्यात नव्हतं. त्यांनी हात पुढे केला.

"अउन ए!"

"अजून दे म्हणतात!" भूषणम नाचायला लागला. दुसरी मिरची गेली. शंभर झाले. पुन्नय्यांनी थाळीत थुंकलं, ओठ पुसले (म्हणजे हनुवटी पुसली, ओठ सापडले नाहीत) आणि सगळ्यांकडे बघितलं. नाक कोरडं, डोळे कोरडे!

आता कोण ऐकतो? आत्ता थाळीत जे पडलं त्याच्यापुढे बेडगीची काय कथा! माणूस अकरा वर्षं गोड खाऊनही तेजा चावतो, म्हणजे सिद्धीच! पुन्नय्यांना खांद्यावर घेऊन सगळे जीपकडे निघाले.

"अहो, पण ते फवाऱ्यामुळे..." डॉक्टरम्मा मागून धावल्या.

रत्तम्मांनी त्यांचा हात धरला. "डॉक्टरम्मा, आपला तो कागद द्या ना. पोटाचा."

जीप यार्डाकडे निघाली. गळ्यात झेंडूचा हार, पुढे ताशा. रेल्वेच्या पुलापर्यंत सगळं छान होतं. पुलाच्या मधोमध पुन्नय्यांच्या जिभेची डावी कड परत आली. भाडेकरू यात्रेहून परत यावा आणि घराला आग लागलेली दिसावी, तसं तिचं झालं. मग उजवी कड. मग गाल. मग एकदम सगळं तोंड! दोन मिरच्यांचा हिशेब गालांत, हिरड्यांत, जिभेखाली जसाच्या तसा बसून होता. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं, कानातून वाफ निघते आहे असं वाटायला लागलं.

"आनंदाश्रू!" भूषणम ओरडला. "बघा, बावाला भरून आलंय!"

यार्डाच्या फाटकाशी शेतकऱ्यांची ही गर्दी. पुन्नय्यांना बाकावर बसवलं. येसोबु पुढे आला, त्यानं हात जोडले.

"अय्या, माझ्या दोन मिरच्या चावल्यात आणि पापणी भिजली नाही म्हणे! आम्हाला वाटायचं तुमचे दात गेले, म्हणून तुम्ही वाजवून सांगता. वाजवून सांगता तेव्हा माझा माल नेहमी दुसरा नंबर. आता उद्यापासून पहिल्यासारखं करा. प्रत्येक ढिगातली एक चावायची, मगच बोलायचं!"

"बरोबर आहे!" दोनशे आवाज.

हंगामाचे दिवस. बाकाशी रोज चाळीस भांडणं येत. पुन्नय्यांना 'नाही' म्हणायचं होतं, पण तोंड उघडलं की आत वारा शिरून आग भडकत होती. म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लोकांनी ती होकाराची धरली.

घरी रत्तम्मांनी दहीभाताचं पातेलंच पुढे ठेवलं. पुन्नय्या त्यात जीभ बुडवून बसले. बऱ्याच वेळानं शब्द फुटला.

"अकरा वर्षं फसवलंस मला."

"बाटल्या कोणी लपवल्या होत्या?"

पुन्नय्यांनी आणखी दही घेतलं.

"रत्तम, बाक सोडावा म्हणतो."

"आज तर जिंकलात!"

"म्हणूनच. माणसानं मानानं उतरावं. शेषगिरी तरुण आहे. त्याला तरी किती दिवस ताटकळत ठेवायचं?"

रत्तम्मांनी भात कालवता कालवता थोडा विचार केला. "मग सीतामहालक्ष्मीचे दोन शेर यंदा चार करते," त्या म्हणाल्या. "दिवसाचा वणवा घरी जाऊन विझवावा लागेल ना त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्नय्यांनी भर यार्डात आपला हार काढून शेषगिरीच्या गळ्यात घातला. शेषगिरी दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होता. पण त्याचे ओठ सुजलेले, जीभ बाहेर, आणि टाळ्या एवढ्या, की ते विनयाचं भाषण असावं असंच सगळ्यांना वाटलं. त्याला धरून बाकावर बसवलं. येसोबुनं आपल्या ढिगातली सगळ्यात लाल मिरची निवडून, धोतराला पुसून त्याच्या हातात दिली.

"चावा, अय्या. मागे एकोणचाळीस उभे आहेत."

पुन्नय्या सगळ्यात पुढे उभं राहून टाळ्या वाजवत होते. मग ते सावकाश घरी निघाले. वाटेत तिघांनी त्यांना थांबवून वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, असा त्याग गुंटूरमध्ये आजवर कोणी केला नाही.

पुन्नय्यांनी तिघांनाही आशीर्वाद दिला.